धाकटीच्या मोगऱ्या

बामगोल,
१४ जून

प्रिय एरान,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच फाडणार असशील तर जरा थांब. आधी बातमी वाच आणि मग खुशाल कचऱ्यात टाक. बातमी अशी की आपला दगड जिंकला! हो, तोच. सासूबाईंचा कुंदीचा दगड, ज्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून आपण दोघी जावांनी तीस-एकतीस वर्षं रजईच्या खोळी बडवल्या. गेल्या शनिवारी देजनच्या मोठ्या सभागृहात, हजारभर माणसांसमोर, एकवीस शाळांच्या स्पर्धेत पहिला नंबर. आणि मी तिथे होते. नुसती होते काय, रंगमंचावर होते, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आदल्या दिवशी पार्लरात जाऊन केस नव्याने कुरळे करून! शेजारची चोंगयांगवाली आल्या-गेल्याला सांगते की बोंगिमचे पाय हल्ली जमिनीला लागत नाहीत. नाही लागत. काय करेल ती?

फोन का केला नाही म्हणशील. तुझा नंबर आहे माझ्याकडे. तुझ्या मुलाने दिला होता, यांच्या मयताला तुम्ही आलात तेव्हा. तू नमस्कार घातलास, माझ्याकडे बघितलं न बघितलं केलंस आणि रश्श्याच्या वाटीला हात न लावता गेलीस. तो नंबर मी टेलिफोनखालच्या कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलाय. पण फोनवर मला दोन वाक्यांत भांडताच येतं, बाकी काही येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? पत्रात निदान मध्येच तोडता येत नाही. तर आता सगळं पहिल्यापासून ऐक.

मार्चमध्ये, बटाटे लावायच्या दिवसांत, पाच पोरं दारात येऊन उभी राहिली. तालुक्याच्या हायस्कूलची. त्यांचं 'वारसा मंडळ' आहे म्हणे. पुढे सेबोम नावाची मुलगी. पुलापलीकडे स्ट्रॉबेरी लावतात त्यांची, आई व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली, आठवते का? तू गेलीस तेव्हा ही पाच-सहा वर्षांची, नाक ओढत पुलावर हिंडायची. तिच्या मागे थेओ, हा एवढा उंच, केस डोळ्यांवर, आणि उभा असला तरी पाय नाचत असतात. या मंडळाने गेल्या वर्षी त्याच स्पर्धेत पंख्यांचा नाच केला आणि शेवटून पहिला नंबर काढला. परीक्षक म्हणाले, हे आम्ही शंभरदा बघितलंय. तेव्हा हेडमास्तरांनी बजावलं की पुढच्या वर्षी नंबर आला नाही तर मंडळ बंद आणि मंडळाची खोली टेबलटेनिसला. संगीताचे मेंग सर पोरांच्या मागे उभे होते. सज्जन माणूस, पण सारखा घाम पुसतो आणि सारखी माफी मागतो. आल्या आल्या माझ्या अंगणात पाय ठेवल्याबद्दल माफी मागितली.

म्हणजे पोरांना असं काहीतरी हवं होतं जे कोणी रंगमंचावर पाहिलेलं नाही. आणि सेबोम म्हणते कशी, "आजी, तुमच्या घरातून कापड बडवल्याचा आवाज यायचा. मी लहानपणी पुलावर उभी राहून ऐकायचे. तो आवाज कुठे गेला?" आता काय सांगू मी तिला? आवाज इंछनला मुलाकडे राहायला गेला असं सांगू? म्हटलं, घरोघरी वॉशिंग मशीन आलं, गेला आवाज.

दगड कुठे होता माहीत आहे? मागच्या ओट्यावर, सोयाच्या बरण्यांच्या रांगेत. त्याच्यावर मी मिरचीच्या लगद्याचं मडकं ठेवलं होतं. माझ्या बडवायच्या लाकडी मोगऱ्या दोन दिवस सापडेनात, त्यातली एक कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून लावलेली निघाली. तुझ्या मात्र माळ्यावर होत्या, सुती फडक्यात गुंडाळून, गाठ मारून. का ठेवल्या होत्या ते विचारू नकोस. चोंगयांगवालीनेही विचारलं, तर तिला मी चहा न देता घरी पाठवलं.

पोरांना वाटलं कुंदी म्हणजे ढोल. दगड आहे, दोन लाकडं आहेत, सुटा. पहिल्याच दिवशी थेओने आपला नाचाचा पांढरा सदरा आणला, वाळून खडखडीत झालेला, तसाच उघड्या दगडावर ठेवला आणि असा बडवला की सदऱ्याची चाळण झाली. त्याचा चेहरा बघून मी इतकी हसले की कुरळे केस सुटले. मग म्हटलं, बाळांनो, या इकडे, पहिल्या धड्यापासून सुरू करू. कापड धुवायचं, भाताची खळ घालायची, अर्धवट ओलं असताना दोघांनी दोन टोकांनी ओढायचं, तोंडाने पाण्याचा फवारा मारायचा, घडी घालायची, फडक्यात गुंडाळून त्याच्यावर उभं राहून पायांनी तुडवायचं, आणि एवढं सगळं झाल्यावर दगड. कापड ओढताना सेबोमने मुद्दाम हात सोडला आणि थेओ धपकन बसला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडलेच नाही. तू मला असंच कितीदा पाडलंस ते मोजत बसले.

थेओला तुडवणं फार आवडलं. कापडाच्या गुंडाळीवर उभा राहून तो टाच, चवडा, टाच असं काही करायला लागला की मेंग सर घाम पुसायचे विसरले. सेबोम म्हणाली, आजी, हा अर्धा तर नाचच आहे. मीही फुगले. म्हटलं, अजून दगड ऐकला नाहीत तुम्ही. आणि बसले आपल्या थोरलीच्या जागेवर, बाह्या सरसावून, जशा सासूबाई बसायच्या तशी ताठ. सेबोमने फोनवर आवाज भरून घेतला. एक खोळ पुरी होईपर्यंत मी वाजवलं. मग तिने तो आवाज मला ऐकवला.

एरान, काय सांगू तुला. ठक. ठक. ठक. ठक. बस, एवढंच. दारावर कोणी आलंय आणि घरातलं कोणी उघडत नाहीये, असं वाटत होतं. मी वाट बघत होते पुढच्याची. पोरंही वाट बघत होती. शेवटी थेओ अगदी अदबीने म्हणाला, "आजी, हे सुरू कधी होतं?"

मी त्याला म्हटलं, अरे गाढवा, हा धरायचा ठोका आहे, मधलं समोरची भरते. मग म्हणाले, ती बाजू वाजवून दाखवा ना. त्यात काय! उठले आणि तुझ्या जागेवर बसले. मोगऱ्या उचलल्या. आणि हातात काहीच येईना. एकतीस वर्षं मी समोर बसून तुझे हात बघितले, आणि माझ्या हातांना त्यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं. मी चोंगयांगवालीला बोलावलं, पिठाच्या गिरणीवालीला बोलावलं. प्रत्येकीच्या घरची साथ वेगळी. दगडावर लाकडाला लाकूड आपटायला लागलं, चोंगयांगवालीच्या अंगठ्याला लागलं आणि तिने जी शिवी दिली ती मेंग सरांनी माफी मागून ऐकली. आठवतंय ना, आपल्या चार मोगऱ्या एवढ्याशा दगडावर, पण कधी एकमेकींना शिवल्या नाहीत. भांडण झालं असलं, तोंडं दोन दिशांना असली, तरी नाही.

अडचण आता अगदी उघडी होती. दगड एक, माणसं दोन, आणि दुसरं माणूस म्हणजे तू. तुझी बाजू सापडली तर मंडळ राहणार, नाही तर टेबलटेनिस. सेबोम सरळ पोर. म्हणाली, "त्या आजी कुठे असतात? फोन करा ना त्यांना." बस! मी अशी भडकले की कोंबड्या ओट्याखाली पळाल्या. म्हटलं, ज्यांना माझ्या दगडावर माझं वाजवलेलं पुरत नाही त्यांनी जावं आणि पंखे घेऊन नाचावं. पोरं कमरेत वाकून नमस्कार करून निघून गेली. मेंग सरांनी तीनदा माफी मागितली, शेवटची फाटकाबाहेरून.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेबोम एकटीच आली, आईने दिलेली स्ट्रॉबेरीची टोपली घेऊन. माफी वगैरे काही नाही. मी लसणाच्या वाफ्यात होते. ती ओट्यावर बसली आणि चारही मोगऱ्या शेजारी शेजारी मांडून, मान वाकडी करून बघत राहिली. मला हाक मारून म्हणाली, "आजी, या दोन जोड्या वेगवेगळ्या वेळी केल्या का?" मी म्हटलं, नाही गं, धाकटी लग्न होऊन आली त्या हिवाळ्यात मामंजींनी एकाच झाडाच्या एकाच ओंडक्यातून चारही तासल्या. तेव्हा तिने त्या उचलल्या आणि नुसत्या पुढे केल्या.

माझ्या मोगऱ्या अजून गोल आहेत, एरान. खुराड्याच्या दाराला लावूनही गोल. तुझ्या आतल्या अंगाने सपाट झाल्यात, टोकाला दीड बोट झिजून गेल्यात, आणि मुठीपाशी तुझ्या अंगठ्याची खळगी पडलीय. दगडही तसाच. माझ्या बाजूने पाट्यासारखा, तुझ्या बाजूने इतका खोलगट की पाऊस पडला की तिथे पाणी साचतं. इतकी वर्षं मी ते पाणी फडक्याने पुसत होते आणि कधी विचार केला नव्हता की ते तिथेच का साचतं. सेबोमने बोटाने माप घेतलं आणि हळू म्हणाली, "आजी, तुमच्या एका ठोक्याला त्यांचे तीन होते." मी उठून आत गेले आणि तांदूळ धुवायला घेतले. तीनदा धुतले. तरी रडू थांबेना. बाहेरून ती पोर विचारते, आजी, मी जाऊ का? म्हटलं, जेवून जा.

आता त्या टीव्हीचं बोलते. बोलायलाच हवं. अकरा वर्षांपूर्वी सोलहून टीव्हीवाले गावाचे आवाज भरायला आले, आपल्या ओट्यावर कॅमेरा लावला, आणि त्यांच्यातल्या एका पोरीने विचारलं की दोघींमध्ये ताल कोणाचा. तू तेव्हा आत त्यांच्यासाठी मका उकडत होतीस. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, आणि तुलाही असणार. "ताल सासूबाईंनी मला दिला. धाकटी आपली साथीला बसते, तेवढंच." छुसकच्या सणाच्या सकाळी सगळं घर जमलेलं असताना ते टीव्हीवर लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू हातातला तांदळाच्या उकडीचा सोंगप्यन परत ताटात ठेवलास, पितरांचं आवरलंस, भांडी घासलीस, एकूण एक, आणि संध्याकाळच्या बसने गेलीस. मला म्हणालीस, "अक्का, दगडाला आता साथीची गरज नाही." मला वाटलं, नखरे. चार दिवसांनी येईल. मग चार दिवसांची अकरा वर्षं कशी झाली ते मला खरंच कळलं नाही.

पोरांकडे वळते, नाहीतर माझं अक्षर बिघडेल. मी मेंग सरांना फोन करून बोलावलं आणि माफी मागितली. बिचाऱ्याला कोणी माफी मागितली तर काय करायचं हेच माहीत नव्हतं, त्यानेही उलट माफीच मागितली. पोरांनी मोगऱ्यांची झीज मोजून, कुठे टोक लागत असेल, कुठे कड, असा हिशेब लावून संगणकावर तुझी बाजू तयार केली. ऐकायला बरी होती. अगदी तुझ्यासारखी नाही, पण अनोळखी माणसाला फरक कळला नसता. थेओ तर उड्या मारायला लागला. आणि सेबोमने ती पुसून टाकली! म्हणाली, "ज्यांची आहे त्या जिवंत आहेत, त्यांना विचारलेलं नाही, आणि आपण त्यांच्या नावावर आपलं वाजवायचं? नको. त्यांची जागा रिकामी ठेवू." थेओ चिडला, दोन दिवस बोलला नाही तिच्याशी. मीही चिडले. म्हटलं, रिकामी जागा बघायला कोण बसने देजनला येतं? पण पोरगी हटेना. खरं सांगू? मला रागापेक्षा भीती जास्त होती. रिकाम्या जागेसमोर मी एकटी बसणार, म्हणजे साऱ्या जगाला कळणार की माझ्या हातात ठकठक सोडून काही नाही.

मग दोन महिने ओट्यावर जो धुमाकूळ चालला तो तू बघायला हवा होतास. गावातल्या सगळ्या जुन्या खोळी त्यांनी गोळा केल्या, मी त्यांना खळ घालायला लावली, आणि त्या पांढऱ्या कापडांचा पडदा केला. पोरांनी कापड ओढण्याचा नाच बसवला, पडण्यासकट. थेओ गुंडाळीवर तुडवत तुडवत असा गरगर फिरतो की चोंगयांगवाली म्हणाली, याची हाडं कोणत्या दुकानातून आणलीत? एक मुलगी पाण्याचा फवारा मारते तो उजेडात दिसतो आणि तिथूनच गाण्याचा सूर सुरू होतो. तुला आवडणार नाही असं त्यात काहीतरी आहे, तो विजेचा ढुम्म आवाज. मलाही आधी आवडला नाही. आता चालतो.

शनिवार उजाडला. सभागृहात पुढे परीक्षक, मधे शाळा, आणि मागे आमच्यासारख्या म्हाताऱ्यांची गर्दी. प्रत्येक शाळेने आपापल्या गावातून बसगाड्या भरून आणल्या होत्या टाळ्या वाजवायला. आमचा नंबर सतरावा. पडदा उघडला. मधोमध दगड, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुझं बसकर आणि त्याच्यावर तुझ्या मोगऱ्या. पोरं नाचली, पडली, त्यांनी कापड तुडवलं, लोक हसले, टाळ्या आल्या. मग सगळं थांबलं. दिवा फक्त दगडावर. आणि मी सुरू केलं.

ठक. ठक. ठक. ठक. एवढ्या मोठ्या सभागृहात तो आवाज इतका उघडा वाटत होता की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. पहिली ओळ कुजबुजायला लागली. मेंग सर पडद्याआड डोळे मिटून उभे होते. मी तुझ्या मोगऱ्यांकडे बघत राहिले आणि ठोका सोडला नाही. सासूबाई म्हणायच्या ना, हात तुटला तरी थोरलीने ठोका सोडायचा नाही. आणि मग, एरान, पार मागच्या रांगेतून कोणीतरी काठी जमिनीवर मारली. टडाक्. माझ्या दोन ठोक्यांच्या मधे, बरोब्बर. परत. मग कोणीतरी गुडघ्यावर, कोणी खुर्चीच्या हातावर, एकीने पाण्याची रिकामी बाटली. कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं. पन्नास-साठ म्हाताऱ्या, पन्नास घरच्या धाकट्या जावा आणि सुना, चाळीस-चाळीस वर्षांत कोणी त्यांना विचारलं नव्हतं, आणि हात कसे आपोआप निघाले! प्रत्येकीच्या घरची साथ वेगळी, पण ठोका माझा एक होता, म्हणून एकही दुसरीला आपटली नाही. सगळं सभागृह दगड झालं. सेबोमने पोरांना खूण केली आणि ती पाचही जणं नाचतच खाली उतरली, त्या म्हाताऱ्यांच्या मधे. थेओ एका काठीवाल्या आजीसमोर असा नाचला की तिने काठी टाकली आणि उभी राहिली. मी रडत होते, हसत होते, पण ठोका सोडला नाही. सांगून ठेवते.

संपल्यावर दोन मिनिटं टाळ्या थांबेनात. परीक्षकांत एक प्राध्यापक होते, चष्मेवाले. त्यांना काही पटलं नव्हतं. माईक घेऊन म्हणाले, हे तर घरातलं काम, याला कला कसं म्हणायचं? आणि जोडीचं काम असताना जोडीदार आणायची राहिली की काय? मेंग सर रंगमंचावरचा माईक घेऊन माफी मागायला धावले. मी त्यांच्या हातातून माईक घेतला. म्हटलं, "साहेब, तुम्ही आयुष्यभर ज्या गुळगुळीत रजईत झोपलात ती कोणी केली ते घरी जाऊन विचारा, मग कला कुठे असते ते कळेल. आणि जोडीदार राहिली नाही. मी घालवली. ती जागा तिची आहे, म्हणून रिकामी आहे."  मग मागून त्या काठीवालीचा आवाज आला, "बरोबर बोलली!" आणि परत टाळ्या. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते निकालात दिसलं. पहिला नंबर! पोरांनी मला खुर्चीसकट उचललं. मी ओरडत होते की मेल्यांनो, कंबर, माझी कंबर! हेडमास्तर आता सगळ्यांना सांगतात की मंडळाला पहिल्यापासून त्यांचाच पाठिंबा होता, आणि टेबलटेनिस व्हरांड्यात गेलं.

ढाल शाळेत ठेवलीय. त्यावर आणि छापील पत्रकावर 'मार्गदर्शन' असं लिहून नाव द्यायचं होतं. सेबोमने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, दोन नावं लिही, आणि पहिलं एरान लिही. ती म्हणाली, आजी, त्यांचं नाव एरान आहे? गावात तर सगळे बोर्यंगवाली म्हणतात. बघ, तुझ्या माहेरच्या गावाचं नाव सगळ्यांना माहीत आणि तुझं कोणालाच नाही. पत्रक सोबत पाठवतेय. वर तुझं नाव, खाली माझं. चष्मा लावून बघ.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, आणि हे सांगायला मला एवढी पानं लागली. सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावून म्हटलं होतं, "थोरले, धाकटीला जप. ती नसली तर तुझा नुसता दगड वाजतो." हे तिला सांग, असंही म्हणाल्या होत्या. मी सांगितलं नाही. मला झोंबलं होतं गं. मला ठाऊक होतं की ते खरं आहे, आणि म्हणूनच त्या टीव्हीवालीसमोर मी उलटं बोलले. अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की तू नखरेल आहेस. तुझी चूक काहीच नव्हती, एरान. चूक माझी होती, आणि सासूबाईंचा निरोप मी चोरून ठेवला होता, तो आज तुझा तुला देते. ऑक्टोबरमध्ये पोरांना सोलच्या मोठ्या रंगमंचावर बोलावलंय. सेबोम म्हणते, जागा रिकामी ठेवायची की भरायची ते त्या आजी ठरवतील, आपण नाही. त्याआधी छुसक आहे. तुझ्या मोगऱ्या मी पार्सलने पाठवत नाहीये. त्या दगडावर मांडल्यात, पण या वेळी थोरलीच्या जागेवर. तू ये आणि तिथे बस. मी समोर बसते, तुझ्या खोलगट बाजूला. ठोका तू धर. मला तुझी बाजू शिकायचीय, आणि हळू शिकव, माझे हात म्हातारे झालेत आणि डोकं तर तुला माहीतच आहे. चुकले तर ओरड, कापड ओढताना मुद्दाम सोडून दे, पाड मला. सोंगप्यन तू आल्याशिवाय मी वाफेवर ठेवणार नाही.

साथीला बसायची वाट बघणारी,
तुझीच थोरली,
बोंगिम